पाणी कुठे मुरते?

गेल्या दिवाळीत, भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी, माझा एक जुना विद्यार्थी आमच्या सक्करदऱ्याच्या घरी आला. बारा-तेरा वर्षांपूर्वी मी त्याला सातवीत इतिहास शिकवला होता. आता तो बंगळुरास नोकरीला आहे. त्याने वाकून नमस्कार केला, आईने पुढे केलेली चकली खाल्ली, आणि मग पिशवीतून एक उंच, देखणी पेटी काढून माझ्या हाती दिली. मला वाटले, तिकडची मिठाई असेल. उघडून पाहतो तो आत बाटली! सोनेरी पाण्याने भरलेली, आणि वर नाव 'अमृत'.

आईने चष्मा सावरून पाहिले. "काऊन रे बाबू, औषध हाय का हे?"

पोरगा जरा ओशाळला. "नाही आजी. व्हिस्की आहे. सरांना इतिहासाचा नाद, म्हणून आणली."

आई काही बोलली नाही. फराळाचे ताट उचलून ती आत गेली. मी दारूला कधी शिवलेलो नाही, हे त्या पोराला ठाऊक होते. का शिवलेलो नाही, हे ठाऊक नव्हते. त्यामुळे रागावण्यात अर्थ नव्हता. तो म्हणाला, "सर, पिऊ नका, पण वाचा तरी. हे एका जगदाळ्यांचे काम आहे. हिला आता स्कॉटलंडातले लोकसुद्धा मानतात."

तो गेला आणि बाटली कपाटात, जुन्या उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यामागे जाऊन बसली. पण त्याचे वाक्य काही तिच्याबरोबर कपाटात बसेना. माझे शिक्षण मॅट्रिकपुढे गेले नाही. जे काही कळते ते कादंबऱ्या लिहिण्यासाठी केलेल्या वाचनातून आणि मुलांना शिकवता शिकवता कळलेले. तरी एक प्रश्न मला सोडीना. धान्याचे नाहीतर फुलांचे आंबवण करावे, ते चुलीवर चढवावे, वाफ थंड करून थेंब थेंब पाणी गाळावे, ही कृती जगात सर्वत्र सारखीच. मग एका ठिकाणच्या त्या पाण्याला गावाचे नाव, घराण्याचे नाव, वयाची प्रतिष्ठा मिळते. आणि आमच्या वस्तीतल्या त्याच पाण्याला 'हातभट्टी' एवढेच नाव मिळून ते पोलिसांच्या काठीने गटारात ओतले जाते, हे कसे? पाणी कुठे मुरते आहे? वर्षभर मी हेच शोधीत होतो. जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवतो.

आधी आपल्याकडचे सांगतो. माझ्या आईचे माहेर नागझिऱ्याच्या जंगलाच्या कडेला. तेव्हा तो मुलूख भंडारा जिल्ह्यात होता, आता गोंदियात मोडतो. चैत्राच्या सुमारास तिकडे मोह फुलतो. पाने झडलेल्या फांद्यांवर रात्रीतून फुले उमलतात आणि पहाटे टपटप खाली पडतात. फिकट पिवळी, रसाने भरलेली, तोंडात टाकली तर गुळासारखी गोड. बायकापोरे अंधारातच टोपल्या घेऊन निघतात. वाळवली की ती फुले मनुकांसारखी तांबूस होतात आणि वर्षभर टिकतात. आई सांगते, दुष्काळात लोकांनी ती उकडून, भाजून, पिठात कालवून खाल्ली आहेत. गुरांना घातली आहेत. बियांचे तेल दिव्याला आणि स्वयंपाकाला. म्हणजे मोह हे आधी अन्न, मग दारू. गोंडांच्या घरी तर जन्म, लग्न, मरण ह्यांतले कोणतेच कार्य मोहाच्या धारेवाचून पुरे होत नसे. पहिली धार देवाला आणि पितरांना, मग माणसांना.

कृती सोपी. सुकी फुले पाण्यात चार-सहा दिवस भिजत घालायची. ती फसफसून येतात. ह्याला आमच्याकडे 'सडवा' म्हणतात. तो सडवा मडक्यात घालून खाली जाळ करायचा, वर चढणारी वाफ नळीने काढून थंड पाण्याने निववायची. जे पाझरते ती दारू. आधी येते ती पहिल्या धारेची, कडक. मग हळूहळू फिकी. ती निवली की प्यायची. ठेवायचा प्रश्नच नाही. जंगलात भांडी मातीची, घर कुडाचे. दारू साठवावी कशात, आणि कशाला? ती कार्यापुरती निघे आणि कार्यात संपे.

ह्या कृतीत इंग्रज सरकारला उत्पन्न दिसले. जुनी रीत अशी होती की एखाद्या टापूत भट्टी लावण्याचा व विकण्याचा हक्क सरकार लिलावात काढी. बोली लागेल त्याने पैसे भरावे आणि मग हवी तेवढी गाळावी. पुढे सरकारच्या लक्षात आले की ह्यापेक्षा अधिक वसूल होऊ शकतो. तेव्हा गावोगावच्या भट्ट्या मोडून मध्यवर्ती भट्ट्या काढण्यात आल्या. तेथून दारू मोजून बाहेर पडे आणि तिच्या कडकपणावर कर बसे. मुंबई इलाख्यात १८७८ साली अबकारी कायदा झाला, आणि १८९२ साली तर मोहाच्या फुलांसाठीच एक वेगळा कायदा करण्यात आला. झाडाखाली पडलेले फूल वेचून घरात ठेवणे हा गुन्हा ठरू शकतो, हे जंगलातल्या माणसाला तेव्हा प्रथम कळले. आमच्या मध्यप्रांताचा अबकारी कायदा १९१५ चा. त्याचा सारा भर परवाना, साठा, वाहतूक, विक्री आणि कर ह्यांवर. हे १९१५ साल वाचकांनी कृपया ध्यानात ठेवावे. त्याच्याकडे परत यावयाचे आहे.

आता स्कॉटलंडकडे वळू. कारण माझा समज असा होता की तिकडे ही विद्या राजमान्य, लोकमान्य, अनादि काळापासून प्रतिष्ठेत नांदत आली असावी. वाचू लागलो तेव्हा तो समज पार कोसळला.

तिकडची पहिली लेखी नोंद १४९४ सालची. राजाच्या आज्ञेवरून जॉन कॉर नावाच्या मठातल्या साधूला 'जीवनजल' करण्यासाठी आठ बोल माल्ट दिले, असे सरकारी हिशेबात लिहिले आहे. बोल हे धान्याचे माप. जीवनजल हा लॅटिन शब्दाचा अर्थ. स्कॉटलंडच्या गेलिक बोलीत त्याला 'उश्के बेहा' म्हणत, आणि त्याचाच घासून 'व्हिस्की' झाला. आमच्या कपाटातल्या बाटलीवरचे 'अमृत' हे नाव म्हणजे त्याच शब्दाचे जणू संस्कृत भाषांतर.

पण साधूंच्या मठातून ही विद्या शेतकऱ्याच्या घरात गेली आणि तेथे तिची अवस्था अगदी आपल्या मोहासारखीच झाली. शेतात जव पिकतात, थंडीत दुसरे काम नसते, घरामागे तांब्याची छोटी भट्टी. गाळावी, प्यावी, उरली तर खंडात द्यावी. १७०७ साली इंग्लंडशी एकीकरण झाले आणि लंडनचा करवसुली कारकून डोंगरात शिरला. १७२५ साली माल्टवरचा कर वाढला तेव्हा ग्लासगो शहरात दंगल उसळली. त्यानंतर शंभर वर्षे तिकडेही हेच चालले: रात्री भट्टी, पहाटे धाड, डोंगरातून चोरवाटा. गाळणारा गुन्हेगार आणि पाणी कच्चे. कारण ज्याला उद्या धाडीची भीती, तो आजच विकून मोकळा होतो. चोराला ठेवणे परवडत नाही.

हे सारे बदलले १८२३ च्या कायद्याने. सरकारने कर पुष्कळ उतरवला आणि दहा पौंडांत परवाना देऊ केला. लहान शेतकऱ्याला कायदा पाळणे चोरीपेक्षा स्वस्त पडू लागले. ग्लेनलिव्हेट खोऱ्यातल्या जॉर्ज स्मिथने १८२४ साली परवाना काढला, तेव्हा शेजारच्या चोरट्या भट्टीवाल्यांनी त्याची भट्टी जाळण्याची धमकी दिली, आणि तो बिचारा पुढे कित्येक दिवस कमरेला पिस्तुले लावून हिंडत असे. पण वारा फिरला होता. एकेक करून भट्ट्या उजेडात आल्या. उजेडात आल्यावर त्यांना दोन गोष्टी मिळाल्या, ज्या अंधारात मिळत नाहीत: नाव आणि वेळ.

वेळ कशासाठी लागतो, हे समजण्यासाठी माल्ट व्हिस्की कशी होते ते पाहिले पाहिजे. मटकीला मोड आणतो तसे जवांना मोड आणतात. मोड आले की दाण्यातल्या पिठाची साखर होऊ लागते. मग ते वाळवतात. काही ठिकाणी दलदलीत शतकानुशतके कुजून साठलेले पीट नावाचे मातकट सरपण जाळून त्याच्या धुरावर वाळवतात, म्हणून पुढे दारूला धुराचा वास येतो. हे वाळवलेले जव म्हणजे माल्ट. ते भरडून गरम पाण्यात गोडवा उतरवायचा, आंबवायचा, आणि तांब्याच्या भट्टीतून दोनदा गाळायचा. येथवर सारी कृती आईच्या माहेरासारखीच. जे निघते ते पाण्यासारखे स्वच्छ आणि जिभेला झोंबणारे. फरक येथून पुढे. ते ओक लाकडाच्या पिंपात भरून अंधाऱ्या, थंड कोठारात ठेवून देतात. वर्ष, दोन वर्षे, दहा वर्षे. लाकडातून ते श्वास घेते, लाकडाचा रंग व गोडवा आपल्यात ओढते, आपला तिखटपणा सोडते. आपण लोणच्याविषयी जो शब्द वापरतो, आणि क्वचित एखाद्या माणसाविषयी, तोच येथे लागू: ते मुरते.

आता १९१५ कडे येऊ. पहिले महायुद्ध चालू होते. दारूगोळ्याच्या कारखान्यांतले कामगार पिऊन कामावर येतात म्हणून लॉइड जॉर्ज दारूवर संतापलेले होते. कच्ची, ताजी दारू अधिक घातक असा समज होता. म्हणून त्या साली ब्रिटनमध्ये कायदा झाला की गाळलेली दारू निदान दोन वर्षे पिंपात ठेवल्याशिवाय विकता येणार नाही. दुसऱ्याच वर्षी ती मुदत तीन वर्षांची झाली. हेतू पिणे कमी करण्याचा होता. पण परिणाम असा झाला की 'मुरणे' हे व्हिस्कीच्या व्याख्येतच जाऊन बसले. तीन वर्षे पिंपात काढल्याखेरीज स्कॉच नाही.

म्हणजे एकाच राजाच्या राज्यात, एकाच साली दोन कायदे झाले. तिकडच्या कायद्याने विचारले, "तुझ्या दारूचे वय काय?" इकडच्या कायद्याने विचारले, "तुझ्या दारूचा कर किती?" मोहाच्या थेंबाला वय कुणीच विचारले नाही. मला वाटते, पाणी येथे मुरते आहे. किंवा अधिक खरे बोलायचे तर, येथेच ते मुरू दिले गेले नाही.

मग हिंदुस्थानात व्हिस्की नव्हतीच काय? होती. एडवर्ड डायर नावाच्या इंग्रजाने १८५५ साली हिमालयातल्या कसौलीला कारखाना काढला. हा पुढे जालियनवाला बागेत गोळीबार करणाऱ्या डायरचा बाप. स्कॉटलंडसारखी थंड हवा आणि झऱ्याचे पाणी ह्यांच्या शोधात तो डोंगर चढला होता, आणि गोऱ्या शिपायांची तहान हे त्याचे गिऱ्हाईक होते. पुढे ह्या कारखान्यात मीकिन नावाच्या दुसऱ्या कारखानदाराची भर पडली. १९४९ मध्ये नरेंद्रनाथ मोहन ह्यांनी तो विकत घेतला आणि 'मोहन मीकिन' हे नाव रूढ झाले. सोलन नंबर वन ही माल्ट व्हिस्की त्यांचीच. पण देशभर 'व्हिस्की' म्हणून जी खपत राहिली, तिच्या पोटात बहुतेक साखर कारखान्यांची मळी होती. उसाच्या मळीचा मद्यार्क काढावा, त्यात थोडे माल्ट मिसळावे, रंग चढवावा, आणि लेबलावर एखादे स्कॉटिश वाटेल असे नाव छापावे. युरोपात मळीच्या दारूला व्हिस्की म्हणू देत नाहीत. तेथे धान्यच पाहिजे. आपल्याकडे साखर मुबलक, म्हणून मळी मुबलक, आणि थांबायला कुणालाच सवड नाही.

अशा वेळी बंगळूरच्या जगदाळ्यांची गोष्ट सुरू होते. जगदाळे हे नाव मराठी वाचकाला नवे नाही. मसूरच्या जगदाळ्यांचे उल्लेख शिवकालीन कागदांत येतात, आणि बंगळूर तर शहाजीराजांच्या जहागिरीचे शहर. १९४८ साली राधाकृष्ण जगदाळे ह्यांनी तेथे 'अमृत' नावाचा दारूचा कारखाना काढला. आरंभीचा धंदा चारचौघांसारखाच: रम, ब्रँडी, मिश्रणे, लष्कराच्या कँटीनना पुरवठा. १९७६ साली ते वारले आणि कारभार मुलाच्या, नीलकंठ जगदाळ्यांच्या हाती आला. १९८७ मध्ये कारखाना शहराबाहेर म्हैसूरच्या रस्त्यावर कंबीपुरा येथे गेला. नीलकंठरावांनी जव विकत घेऊन तांब्याच्या भट्टीत माल्ट गाळायला सुरुवात केली. हेतू आपल्या मिश्रणांची प्रत सुधारण्याचा. पण पिंपे कोठारात साठत गेली, आणि त्यांत पडून राहिलेले पाणी चाखून पाहता असे दिसून आले की ते एकट्यानेच उभे राहू शकेल.

एकाच कारखान्यात, केवळ जवाच्या माल्टची, दुसरे काही न मिसळता केलेली व्हिस्की म्हणजे सिंगल माल्ट. स्कॉटलंडातही ही वस्तू फार दिवस मिश्रणांच्या आड लपलेली होती; ग्लेनफिडिच कारखान्याने १९६३ साली ती परदेशी विकावयास काढली, तेव्हापासून तिचा बोलबाला झाला. नीलकंठरावांचा मुलगा रक्षित विलायतेत न्यूकॅसलला शिकत होता. अभ्यासासाठी म्हणून त्याने तिकडच्या हिंदुस्थानी खाणावळींतून फिरून हिंदुस्थानी व्हिस्कीला गिऱ्हाईक मिळेल का ह्याची चाचपणी केली. ग्लासगोत लेबल झाकून चाखायला दिली, तेव्हा चाखणाऱ्यांना ती स्कॉटलंडचीच वाटली. २४ ऑगस्ट २००४ रोजी, त्याच ग्लासगो शहरात, 'कॅफे इंडिया' नावाच्या खाणावळीत 'अमृत सिंगल माल्ट' प्रथम बाजारात आली. ज्या शहरात माल्टच्या करावरून दंगल झाली होती, तेथे! आपल्या देशात ती विकायला यायला पुढे आणखी पाच-सहा वर्षे गेली. आपल्या माणसाचे मोल आधी परक्यांनी सांगावे आणि मग आपण मान डोलवावी, ही आपली रीत येथेही चुकली नाही.

पुढे ह्या घरातून एकेक भावंड निघाले. साधी सिंगल माल्ट ४६ टक्के मद्यार्काची, उत्तरेकडच्या जवांची. धुरावर वाळवलेल्या जवांची 'पीटेड'. 'फ्यूजन' मध्ये आपले जव आणि स्कॉटलंडचे धुराचे जव ह्यांचा संगम. जिम मरे नावाच्या इंग्रज पारख्याने आपल्या २०१० सालच्या ग्रंथात तिला जगातली तिसऱ्या क्रमांकाची व्हिस्की ठरवले, आणि मग सर्वांचे डोळे उघडले. 'इंटरमीजिएट शेरी' ही मध्येच काही काळ शेरी नावाच्या स्पॅनिश मद्याच्या पिंपात राहून येते. 'पोर्टोनोव्हा' पोर्तुगालच्या पोर्टच्या पिंपात. 'स्पेक्ट्रम' साठी वेगवेगळ्या लाकडांच्या फळ्या जोडून एकच पिंप बनवले. 'टू कॉन्टिनेंट्स' काही वर्षे बंगळुरात आणि काही वर्षे युरोपात मुरवली. आणि 'नारंगी'! शेरीच्या पिंपात संत्र्याच्या साली घालून ते पिंप आधी सुगंधी केले आणि मग त्यात व्हिस्की ठेवली. हे वाचून मला हसू आले. आम्हा नागपूरकरांना 'संत्रा' म्हटले की एक तर बगिच्यातले फळ आठवते, नाहीतर देशी दारूच्या दुकानातली त्याच नावाची बाटली. त्या फळाचा असा मान कुणी केल्याचे आमच्या ऐकिवात नव्हते.

आता ह्या साऱ्या भावंडांपुढे एक अडचण होती, आणि तीच मला ह्या इतिहासातली सर्वांत मोठी गोष्ट वाटते. ती म्हणजे आपला उन्हाळा. लाकडाचे पिंप सच्छिद्र असते. त्यातून थोडे पाणी, थोडा मद्यार्क सतत उडून जातो. स्कॉटलंडच्या थंड हवेत वर्षाला दोनेक टक्के जातो. तेथले लोक त्याला गमतीने 'देवदूतांचा वाटा' म्हणतात. बंगळूर समुद्रसपाटीपासून तीन हजार फूट उंच असूनही तेथे हा वाटा वर्षाला दहा-बारा टक्क्यांपर्यंत जातो. नीलकंठरावांच्या कारखान्याने आठ वर्षे ठेवलेल्या दोन पिंपांतून जे उरले ते बाटल्यांत भरले. जवळजवळ तीन चतुर्थांश उडून गेले होते. त्या व्हिस्कीला त्यांनी नाव दिले 'ग्रीडी एंजल्स', म्हणजे हावरट देवदूत.

हे समजायला नागपूरकराला कोठारात जाण्याची गरज नाही. वैशाखात सक्करदऱ्याच्या बुधवार बाजारातून नवा माठ आणावा, भरून ओसरीवर ठेवावा. बाहेर पंचेचाळीस अंशांचे ऊन, तलावाकडून येणारी हवासुद्धा झळ होऊन येते. सकाळी काठोकाठ भरलेला माठ संध्याकाळी चार बोटे उतरलेला असतो. कुणी प्यालेले नसते. पण जे गेले त्यानेच उरलेले थंड केलेले असते. माठ पाझरला नाही तर पाणी थंड होत नाही. पिंपाचेही तसेच: ऊन जेवढे चोरते तेवढेच घाईने मुरवते. स्कॉटलंडात जे बारा वर्षांत होते, ते आपल्याकडे चार-पाच वर्षांत होते असे जाणकार सांगतात. डायर ज्या थंडीसाठी हिमालय चढला, तिच्याशिवाय हे काम होत नाही हा दीडशे वर्षांचा समज जगदाळ्यांनी मोडला. आपला उन्हाळा हा दोष न मानता त्यांनी तो कृतीचाच भाग केला. त्यांची वाट मग इतरांनीही धरली. २०१२ पासून गोव्यातल्या कुंकळ्ळीच्या कारखान्याची 'पॉल जॉन' निघाली, आणि २०२२ मध्ये आपल्या नाशिकजवळच्या दिंडोरीहूनही एक सिंगल माल्ट बाजारात आली. नीलकंठराव २०१९ साली वारले.

येथे थांबलो असतो तर हा लेख एका उद्योजकाच्या कौतुकाचा झाला असता. पण मघाशी आई ताट उचलून आत का गेली, ते सांगायचे राहिले आहे.

माझे वडील गिरणीत होते. पगाराच्या दिवशी ते घरी उशिरा येत, आणि त्यांच्याआधी वास येई. मोहाचाच वास, आईच्या माहेरच्या फुलांचा. शहरात येईपर्यंत त्या फुलांत काय काय मिसळलेले असे, देव जाणे. वस्तीमागच्या भट्टीत ती रात्री निघे आणि पहाटेपूर्वी संपे, कारण पहाटे धाड पडे. मी मॅट्रिक बऱ्या गुणांनी पास झालो, त्या जूनमध्ये कॉलेजच्या फीसाठी आईने डब्यात साठवलेले पैसे एका रात्रीत गेले. त्यानंतर वडील दोन वर्षेही जगले नाहीत. मी नोकरी धरली. मॅट्रिकपुढे का शिकलो नाही, ह्याचे उत्तर एवढेच आहे. देवदूतांचा वाटा हे शब्द पहिल्यांदा वाचले, तेव्हा मला तो रिकामा डबा आठवला. आमच्या घरातून दर महिन्याला जो वाटा उडून जाई, तो कुठल्या देवदूताने नेला?

म्हणून मी दारूचे गोडवे गाऊ शकत नाही. ह्या प्रांताने दारूबंदीचे प्रयोग पुष्कळ पाहिले. १९३७ साली काँग्रेसचे मंत्रिमंडळ आले आणि १९३८ मध्ये मध्यप्रांत-वऱ्हाडचा दारूबंदी कायदा झाला. पुढे १९४९ चा मुंबईचा कायदा इकडेही आला. आज तो महाराष्ट्राच्या नावाने आहे. गडचिरोलीत लोकांनी, विशेषतः बायकांनी, झगडून १९९३ साली बंदी आणली. चंद्रपुरात २०१५ मध्ये बंदी आली आणि २०२१ मध्ये उठली. बंदी मागणाऱ्या त्या बायकांना मी कधीही चूक म्हणणार नाही. त्यांच्यात मला माझी आई दिसते. पण इतिहास शिकवणाऱ्याला एक गोष्ट लपवता येत नाही. माझ्या वडिलांनी जे प्याले ते आजोळच्या देवापुढची धार नव्हते. ती धार वर्षातून चार वेळा, कार्याला, साऱ्या गावासमक्ष निघे. वडिलांनी प्याले ते धाडीच्या भीतीने घाईघाईत गाळलेले, नाव नसलेले, वय नसलेले पाणी. १८२३ पूर्वी स्कॉटलंडच्या डोंगरातही तेच पीत. फरक एवढाच की तिकडच्या गाळणाऱ्याला एका कायद्याने उजेडात बोलावले, आणि आमच्याकडच्याला दुसऱ्या कायद्याने अंधारात ढकलले. मध्य प्रदेश सरकारने २०२२ च्या धोरणात मोहाच्या दारूला वारशाचा मान देऊन आदिवासींच्या हाती ती परत देण्याचे ठरवले. त्यातून काय निघेल ते काळच सांगेल. पण वय विचारणारा प्रश्न कुणीतरी, शंभरहून अधिक वर्षांनी का होईना, मोहाला विचारला.

आणि हेही लिहिले पाहिजे की मुरलेली असो वा कच्ची, दारू ती दारूच. हजारो रुपयांच्या बाटलीने संसार मोडत नाहीत असे नाही. तो मोडताना आवाज कमी होतो, इतकेच. नावाने विष उतरत नाही. जगदाळ्यांचे कौतुक मी करतो ते दारूसाठी नव्हे, थांबण्यासाठी. ज्या देशात सर्वांना आजच विकून मोकळे व्हायचे असते, तेथे आपल्या मालातला दरसालचा आठवा-दहावा हिस्सा उन्हाला देऊन टाकून एक माणूस पिंपाशेजारी थांबला, ही गोष्ट मी मुलांना जरूर सांगेन. बाकीचेही सांगेन.

ह्या दिवाळीच्या साफसफाईत आईने कपाट उपसले. उत्तरपत्रिकांचे गठ्ठे निघाले आणि मागून ती पेटी. आईने ती पदराने पुसली.

"अजून आहेच का हे?"

"आहे."

"नासत नाही?"

मी तिला सांगितले की बाटलीत ते नासत नाही आणि मुरतही नाही. मुरायचे ते लाकडातच. काचेत गेल्यावर त्याचे वय थांबते. भरताना जेवढे होते तेवढेच राहते. पंधरा वर्षांनी उघडले तरी तेच.

आई थोडा वेळ ती पेटी हातात धरून बसली. वडिलांना जाऊन आता पंचवीस वर्षे झाली. मग तिने गठ्ठे पुन्हा लावले, आणि त्यांच्यामागे नव्हे, पुढे, पेटी सरळ उभी करून ठेवली.

"राहू दे," ती म्हणाली. "पोरानं जीव लावून आणली होती."